ऑइलपेंटातली बाई

रस्त्यावर आडवं पडण्यात सपनाला काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढं कोणी म्हणेल, बिचारी भोळी होती, सासऱ्यानं सांगितलं आणि पडली. भोळी नव्हती. सासऱ्यांची, म्हणजे भिवाजींची, मर्जी ही पहिली मिळकत. ती मर्जी साधी नव्हती, कारण वाशीमातच वेगळी खोली घेण्याचा विषय अश्वजितनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दोनदा काढून दोनदा गिळला होता. दुसरी मिळकत पेपरातला फोटो. जिल्ह्याच्या पानावर का होईना, पण मानोऱ्याला तिच्या माहेरी पेपर येतो आणि वहिनी तो वाचते. तिसरी तिनं कोणालाच सांगितली नसती. सकाळी सहा ते सव्वासहा, चहाच्या आणि कणकेच्या ऐन वेळेला, बाईमाणसाला उताणं पडून आभाळाकडं बघायला मिळणार होतं, आणि घरातलं कोणी त्याला आळस म्हणणार नव्हतं. जागतिक शांतता म्हणणार होतं.

मुळात पडायचं होतं सासूबाईंना, वच्छलाबाईंना. पण त्यांच्या गुडघ्यांनी दोन दिवस आधी नकार कळवला. भिवाजींच्या शांतता मंडळात भिवाजी धरून तीन माणसं. एकाचा मणका गेलेला, दुसऱ्याची हिंमत. अश्वजित फोटो काढणार होता, शिवाय त्याची पँट नवी होती. राहिली सपना. "तुले काहीच कराचं नाही, फक्त पडाचं," भिवाजी म्हणाले. "हिरोशिमात एक मानूस ब्यांकेच्या पायरीवर बसून होता. ब्यांक उघडाची वाट पाह्यत. बॉम्ब पडला. मानूस गेला, पायरीवर त्याची सावली राह्यली. ऐंशी वर्सं झाली त्याले यंदा. आपल्याले तेच दाखवाचं हाये, येनाऱ्या-जानाऱ्याच्या पायाखाली आलं पाह्यजे." जागा त्यांनी आठ दिवस आधीच हेरली होती: भाजीबाजाराच्या तोंडाशी नव्यानं काँक्रीट केलेला सपाट तुकडा, जिथून गेल्याशिवाय निम्म्या वाशीमची भाजी शिजत नाही. जवळजवळ चाळीस वर्षं भिवाजींनी मोजणी खात्यात साखळी ओढली होती. जागा निवडणं, हद्द दाखवणं, खुणा करणं यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कागद नसलेली जागा मात्र त्यांना कधी दिसायची नाही. सकाळी सहाला तो तुकडा रिकामा होता, त्याला सातबारा नव्हता, म्हणजे तो कोणाचाच नव्हता. आणि चुना वापरायला त्यांनी साफ नकार दिला. "चुन्यानं मह्या हाताची सालं निघाली. एक पानी पडलं का रेघ गेली, अन् भाऊ भावाच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा." म्हणून ऑइलपेंट. विहाराच्या खिडक्या रंगवून उरलेला, पांढरा, पाऊण डबा.

काँक्रीट गार होतं. पहाटे झिमझिम येऊन गेली होती, आणि भिवाजींनी जुन्या धोतरानं तो तुकडा कोरडा केला होता तरी पाठीला ओल लागतच होती. डोक्याशी कालच्या पत्ताकोबीच्या पानांचा आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चिरडलेल्या काड्यांचा वास. ब्रश कानाजवळ आला तेव्हा सपनाला हसू आलं. "हलू नको. श्वास घे, पन हलू नको." ब्रश मानेवरून खांद्याला वळला, कोपराशी थांबला, बोटांच्या बेचक्यांतून एकेक करून फिरला. सासऱ्यात आणि सुनेत सात वर्षं एक हात अंतर होतं; ताट, पाणी, निरोप, सगळं त्या अंतरावरून. आता ते तिच्याभोवती गुडघ्यांवर सरकत होते, शेत मोजावं तसे, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, खांदा झाला, कोपर झालं. आपण कुठल्यातरी गावचा गट नंबर आहोत, असं तिला वाटत राहिलं. वर आभाळ करडं, त्यात विजेच्या तारा, तारेवर एक पारवा. पारव्यानं मान वाकडी करून खाली पाहिलं. वरून बघणाऱ्याला खालचं माणूस केवढं दिसत असेल? विमानातून तर तेवढंही नाही. त्या पायरीवरचा माणूस खातं काढायला आला असेल, की पोराची फी भरायला, की नुसतेच पाय दुखले म्हणून टेकला असेल? सपना ज्या सेतू केंद्रात दाखले काढून देते तिथं अशी माणसं रोज पायरीवर बसलेली असतात, ती कुलूप काढेपर्यंत. त्यांच्या सावल्या ती रोज ओलांडते. आठवून पाहिलं तर एकीचाही आकार आठवेना. "झालं. ऊठ आता." उठावंसं वाटेना. रेघेच्या आतलं काँक्रीट तेवढ्यात तिच्या अंगानं कोमट झालं होतं, आणि ती ऊब तिथंच टाकून उठणं म्हणजे निजलेल्या लेकराजवळून उठण्यासारखं होतं. मग उभी राहून तिनं खाली पाहिलं, आणि पहिला विचार कोणता आला, तर आपली कंबर एवढी रुंद आहे? ऐंशी वर्षांपूर्वीच्या दीडेक लाख मेलेल्या माणसांसमोर असला विचार यायला नको, पण येतो.

सव्वाआठला मौन झालं. अश्वजितनं हळूच सांगून पाहिलं की जपानात सव्वाआठ वाजले तेव्हा आपल्याकडं पावणेपाचच वाजलेले असतात. "मेलेल्यायले घड्याळ नसते," भिवाजी म्हणाले. ऑटोवाल्यांनी मौनात हॉर्न वाजवले. माणसं वाकून रेघ बघत, कोणाची म्हणून विचारत, आणि भिवाजी 'अणुबॉम्ब मोडून टाका' असा कागद पुढं धरून त्यांच्या हातात पेन देत. दुपारपर्यंत दोनशे सह्या झाल्या, एवढ्या आजवर आठ दिवस फिरूनही झाल्या नव्हत्या. फोटो दुसऱ्या दिवशी आला, पाचव्या पानावर. रेघ तेवढी ठसठशीत. सपना त्यात नव्हती. सावली दाखवायची तर माणूस बाजूला पाहिजे, हे भिवाजींनी अश्वजितला बजावलं होतं आणि त्यानंही ते निष्ठेनं पाळलं होतं. खाली नावं होती मंडळाच्या तिघांची, मणकेवाल्याचंसुद्धा. एक मिळकत बुडाली.

भिवाजींना हे वेड कुठून लागलं, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. आपल्या देशाचा पहिला अणुस्फोट झाला त्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. बाविशीतले भिवाजी विहारात खीर वाढत होते आणि रेडिओवर बातमी आली. त्या स्फोटाला बुद्धाचं नाव दिलं होतं, हे पुढं खूप वर्षांनी कळलं. चोवीस वर्षांनी दुसऱ्यांदा स्फोट झाले, तेव्हाही बुद्ध पौर्णिमाच. त्या संध्याकाळी चौकात गुलाल उडाला, पेढे वाटले, आणि मोजणीहून परतणाऱ्या भिवाजींनी सायकल थांबवून एक पेढा खाल्ला. एक नाही, दोन. दुसरा ते वच्छलाबाईंसमोर कबूल करत नाहीत. "आपल्या सनाच्या दिवशी, आपल्या बुद्धाच्या नावानं, अन् म्या पेढा खाल्ला," एवढं बोलून ते थांबतात, आणि पुढचं सगळं, दरसालचे सह्यांचे कागद, दिल्लीला रजिस्टर पोस्टानं जाणारी पाकिटं, सहा ऑगस्ट, नऊ ऑगस्ट, हे त्या पेढ्यांवर उतारा म्हणून चाललेलं आहे हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. सपना समजून घेते आणि खाली बघते. त्या संध्याकाळी ती आठ वर्षांची होती, मानोऱ्याला, आणि बाबांनी तिच्या तोंडात वेलचीचा पेढा कोंबला होता, आपला बॉम्ब फुटला म्हणून. तिला वाटलं होतं, सुतळी बॉम्बपेक्षा मोठा असेल, दिवाळीत दुकानात येईल. तो पेढा गोड होता. सासऱ्यांची गोष्ट ऐकताना दर वेळी ती तो कडू करून पाहते. होत नाही. यंदाच्या मे महिन्यात टीव्हीवर लढाई सुरू झाली. बुद्ध पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ती थांबली. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला ते पटलं नव्हतं. भिवाजी तिथं कागद घेऊन गेले तेव्हा टपरीवाला म्हणाला, "साहेब, सही करतो ना. पन आपन आपला बॉम्ब मोडला अन् त्यानं त्याचा ठेवला, तं?" भिवाजींनी चहा संपवला, पेला खाली ठेवला, आणि घरी येऊन बराच वेळ मोरीत पाय धूत राहिले.

सहा ऑगस्टनंतर चौथ्या दिवशी आठवडी बाजार होता. सपना पिशवी घेऊन गेली आणि बाजाराच्या तोंडाशीच अडखळली. गर्दी अशी की माणसाला माणूस घासून जात होतं, आणि मध्ये तेवढाच तुकडा मोकळा. लोक त्याला वळसा घालून जात होते, ओढ्यातल्या दगडाला पाणी घालतं तसा. आत ती, पांढऱ्या रेघेची, दोन्ही हात थोडे दूर. आणि तिच्या छातीवर कापलेलं लिंबू, त्यावर कुंकू. सपनाचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. तिथं काही नव्हतं, साडीची पिन होती. पण आपल्याला काहीतरी झालेलं आहे आणि ते आपल्यालाच कोणी सांगितलं नाही, असं तिला क्षणभर खरंच वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की या जागेवर आवडाबाई बसते.

आवडाबाई माळीण. जागा तिच्या सासूची होती, त्याआधी सासूच्या सासूची. शहराबाहेरच्या मळ्यातून भगवंतराव तिला उजाडता उजाडता मोटारसायकलवर आणून सोडायचे, पुढं नवरा, मागं भाजीच्या दोन डाल्यांमध्ये दाबून बसलेली बायको. पहिलं गिऱ्हाईक तिचं, कारण तोंडावर तीच. सहा तारखेला ती आली तेव्हा रंग ओला होता, माणसं जमलेली होती, म्हणून त्या दिवसापुरती सरकली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मोकळ्या जागेवर एक माणूस आडवं होतं. आता ती मागं, मुतारीच्या भिंतीपलीकडं, नालीच्या कडेला बसली होती, आणि नाकाला पदर लावून वांगी निवडत होती.

"मावशी, इकडं कायले बसल्या?"

"मंग काय मढ्यावर बसू?" आवडाबाई म्हणाली. "तटी मानूस काढला हाये, पाह्यलं नाही का वं? कोनी म्हनते ऑक्शिडन झाला, पोलिसायनं काढला. कोनी म्हनते करनी हाये. बाई व्हती म्हनतात. कंबर पाह्य ना तिची."

सपनानं पदर पुढं ओढला. "मावशी, ते जपानसाठी काढलं आहे. लढाई नको म्हणून."

"जपानचं मढं, अन् मह्या जाग्यावर?" आवडाबाई हसली, बाजूची भेंडीवाली पण हसली. "तुहा सासरा उभा व्हता तटी कागद घेऊन. देवमानूस हाये तो. पन त्यालेबी मढं दिसलं नसंन. त्याचं ध्यान सह्यायवर."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण करणी हा शब्द हवेत होता, आणि तो हवेतून खाली उतरला की कोणाच्यातरी घरावर बसतो. ज्या घरानं छप्पन साली देवांचे टाक नदीत सोडले, त्या घराच्या म्हाताऱ्यानं भाजीबाजारात करणी केली, असं उद्या गावानं म्हटलं असतं आणि परवा ते खरं झालं असतं. सपनानं पाव किलो वांगी घेतली आणि गप्प राहिली. पेपरातली बातमी ज्यांनी वाचली होती ते भाजी घेणारे होते; विकणाऱ्यांना तेव्हा वेळ नव्हता. आणि बाजाराचा एक नियम असा, कुठं लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा जास्त पाळला जाणारा: आजारपण, बाळंतपण, मयत, काही असो, एकाची जागा दोन आठवडी बाजार रिकामी राहिली तर राहते, तिसऱ्यालाही मालक बसला नाही तर ती मागच्याची. आवडाबाईच्या मागं लालसिंग होता, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा लसूणवाला. वाईट माणूस नव्हता. रोज आवडाबाईला विचारायचा, "काय माय, बसनार का नाही?" आणि तिनं "पाहू" म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर दुःख आणि हिशेब दोन्ही दिसायचे.

त्यानंतरचे दिवस सपनाला नीट आठवत नाहीत, म्हणजे आठवतात, पण काचेपलीकडून. सेतू केंद्रात खुर्चीवर बसलेली असताना मध्येच पाठ गार पडायची. बाहेर पाऊस सुरू झाला की पहिला थेंब कपाळावर पडल्यासारखं व्हायचं, आणि ती तर पंख्याखाली बसलेली. कोणी मोटारसायकल स्टँडवर लावली की डावा तळहात दुखायचा. जागतिक शांतता अशी अंगावर येईल हे कोणी सांगितलं नव्हतं. एकदा आवडाबाईच आली, कुठल्याशा योजनेचा अर्ज भरायला, आणि तिनं मशिनवर अंगठा ठेवला. आवडाबाईचा अंगठा मशिनला कधीच उमटत नाही. वांग्यांच्या काट्यांनी आणि पाण्यामातीनं त्याच्या रेघा केव्हाच पुसल्या गेल्या आहेत. सपनानं तो अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, आपल्या बोटांनी दाबून धरला. नाही उमटला. परत पुसला. आवडाबाई खिडकीबाहेर बघत होती, लेकराचं नाक पुसत असताना लेकरू बघतं तशी. सासऱ्यांच्या कागदावर मात्र हा अंगठा दरसाल शाईनं उमटतो, पहिल्या पानावर. आवडाबाईला कोणी वाचून दाखवायला लागत नाही, लढाई नको एवढंच ना, मंग घ्या, म्हणते. सपनाला वाटलं, हिचं माणूसपण मशिनला दिसत नाही आणि माझं कंबरेसकट अख्ख्या गावाला दिसतं. अंगठा हातात धरून ती बसून राहिली. "सोड ना वं आता," आवडाबाई म्हणाली, "का कापून ठेवतं?"

त्या संध्याकाळी सपनानं रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइनची बाटली आणली. बाजार उठल्यावर, दिवेलागणीच्या आत, ती रेघेशी उकिडवी बसली आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापासून घासायला लागली. स्वतःचा पाय घासावा तसं. पांढरा रंग निघाला नाही, पसरला. अंगठा सुजल्यासारखा झाला. घरी आली तर तिच्या हाताचा वास आधी पोचला.

"कायले घासून राह्यली तू?" भिवाजींनी विचारलं. ते जेवत होते.

"मामाजी, आवडाबाईची जागा आहे ती. तिसऱ्या बाजाराला लालसिंग बसेल."

"जागेचा कागद हाये का तिच्यापाशी?"

"नाही."

"मंग?" आणि मग स्वतःलाच ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं, कारण त्यांनी घास ताटात परत ठेवला. "सपना, त्या पायरीवरच्या मानसाची सावली लोकायनं पुसली असती तं? तिथंबी कोनाले बसाचं असंन. कोनाची तं जागा असंन. पुसली नाही म्हनून मले इथं वाशीमात कळलं. अन् तू एका सांबाराच्या जुडीसाठी पुसतं?"

वच्छलाबाई चुलीकडून, म्हणजे आता गॅसकडून, म्हणाल्या, "सांबार तुमालेच लागते वरनावर."

भिवाजींनी ठेवलेला घास पुन्हा उचलला. ते चुकीचं बोलले नव्हते, हीच पंचाईत होती. सपनाला दोन्ही बाजू स्पष्ट दिसत होत्या, आणि मधोमध ती स्वतः, दोन्ही हात थोडे दूर ठेवून, उताणी. त्या पायरीवरच्या माणसाला कोणी विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, याचा ती भांडी घासताना विचार करत राहिली. मला ठेवा, म्हणाला असता? की सरकून घ्या बाई, बसा, म्हणाला असता? ब्यांक उघडायची वाट बघणारी माणसं तिच्या माहितीत बरीच होती. त्यांतली निम्मी तरी सरकली असती.

दुसरा बाजार रिकामा गेला. तिसऱ्या बाजाराला सपना लवकर निघाली. काही ठरवून नाही; पाठीनंच नेलं म्हणा. तोंडाशी पोचली तर रेघेभोवती सात-आठ बाया, भगवंतराव डोक्याला रुमाल बांधून उभे, आणि आवडाबाई आत, म्हणजे रेघेच्या बाहेर पण डोक्याशी, हातात नारळ. ऊद जळत होता. हळदकुंकू, दहीभात द्रोणात. आवडाबाईनं तोड काढली होती. जे कोणी इथं गेलं असेल त्याला जेवू घालायचं, बोळवायचं, आणि नारळ फोडून जागा मोकळी करून घ्यायची. सरळ, दहा मिनिटांचं काम. तिच्या दोन्ही डाल्या बाजूला तयार होत्या, वर ओलं पोतं. लालसिंगसुद्धा हात जोडून उभा होता. त्याचा चेहरा पडलेला होता पण हात जोडलेले होते. आवडाबाई वाकून बोलत होती, हळू, कानात सांगितल्यासारखं, "जाय माय आता. खाऊन घे अन् जाय. तुहं कोनी राह्यलं असंन मांगं तं त्याचं भलं हो. मले बसू दे."

ती हे कोणाच्या कानात बोलत होती? सपनाला तो श्वास कानाशी लागला. उदाचा वास, आवडाबाईच्या तोंडातल्या तंबाखूचा वास. तिचे डोळे भरले, कारण इतक्या मायेनं तिला जा म्हणून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. गप्प राहिली असती तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. आवडाबाई तिच्या जागेवर, लालसिंग मागं, रेघ आवडाबाईच्या पोत्याखाली पुढची दहा वर्षं सुरक्षित, भिवाजींची सावलीही शाबूत. पण आवडाबाईनं नारळ वर उचलला, तो कपाळावर यायचा होता, रेघेच्या, आणि सपनाच्या तोंडून निघून गेलं. खोटं बोलणार नाही हे दर पौर्णिमेला विहारात म्हणून म्हणून जिभेला सवय झालेली, त्यात भीती मिसळली. किती सवय आणि किती भीती, ते तिला आजही सांगता येत नाही.

"मावशी, थांबा. ती मी आहे."

आवडाबाईनं नारळ तसाच धरला. "काय म्हनतं?"

"ती बाई मी आहे. मी पडले होते इथं. मामाजींनी माझ्याभोवती काढलं. कोणी मेलेलं नाही, मावशी. मी जिवंत आहे."

बायांनी एकदा रेघेकडं पाहिलं, एकदा सपनाकडं. मग भेंडीवाली म्हणाली, "व्हय वं, कंबर तेच हाये," आणि सगळ्या हसल्या, आणि तेवढ्या हसण्यात करणी, पोलीस, ऑक्शिडन, सगळं वाहून गेलं. सपनासुद्धा हसली. तिच्या पाठीतला गारवा गेला. किती सोपं होतं, तिला वाटलं. दोन बाजार कशाला घालवले.

आवडाबाई मात्र हसता हसता थांबली. तिनं नारळ डालीत ठेवला, द्रोण उचलला, उदावर पाणी टाकलं.

"बसा ना मावशी आता."

"कशी बसू?" आवडाबाई म्हणाली. "मेलेली असती तं जेवू घालून लावली असती वाटंनं. तू त जिती हायेस. जित्या मानसाले कोनी वलांडतबी नाही, अन् मी त्याच्या छातीवर दुकान मांडू? रोज? उद्या तुले ताप आला, तुहं पोट दुखलं, तं मले वाटंन, म्या बसली म्हनून."

"असं काही नसतं, मावशी. मला काही होत नाही."

"तुले नाही होत. मले होते ना." आणि भगवंतरावांना म्हणाली, "उचला डाल्या."

भगवंतराव म्हणाले, "अवं, ते पोरगी सोता सांगून राह्यली..." आवडाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि भगवंतरावांनी डाल्या उचलल्या. मुतारीच्या भिंतीपलीकडं, नालीच्या कडेला. लालसिंग पाच मिनिटं थांबला, माणुसकी म्हणून. मग त्यानं ताडपत्री अंथरली, ती डोक्यापासून पायापर्यंत नीट बसली, आणि वर लसणाचा ढीग ओतला. "भाभी, माफ करजा," तो सपनाला म्हणाला, "लसनाले काही लागत नाही."

घरी सगळं सांगितल्यावर भिवाजी म्हणाले, "खरं बोलली. बेस केलं." पुढच्या आठवड्यात त्यांनी आपणहून अश्वजितला विचारलं, ते खोलीचं काय केलं तुमी? खोली मिळाली. सपनाला दोन खिडक्या मिळाल्या. महिनाभर ती बाजाराच्या तोंडाशी गेली नाही. गेली तेव्हा ताडपत्रीखालून डाव्या हाताची बोटं तेवढी बाहेर दिसत होती आणि लालसिंग त्यावर तराजू ठेवत होता. तिला काही झालं नाही. तळहातसुद्धा दुखला नाही. ती सरळ नालीच्या कडेला गेली, आवडाबाईसमोर बसली, आणि म्हणाली, "पाहा मावशी, लालसिंग महिनाभर बसतो आहे माझ्यावर. मी ठणठणीत आहे. तुम्ही न बसून काय झालं? तो तर बसलाच."

आवडाबाई वांगी निवडत होती. एक किडकं वांगं तिनं नालीत टाकलं.

"तो बसते तं बसू दे," ती म्हणाली. "त्याचं तो पाहीन. मी नाही बसत ना."

सपना तिथंच बसून राहिली. नालीचा वास येत होता. मागं गर्दीतून लालसिंगची आरोळी ऐकू येत होती, आणि इकडं कोणी येत नव्हतं.

तर झालं ते असं. भिवाजींच्या कागदावर एकूण चारशे बारा सह्या, दिल्लीला रवाना. अश्वजितला आणि सपनाला खोली. लालसिंगला तोंडावरची जागा, सपनाला खरं बोलल्याचं सुख. पायरीवर बसलेल्या त्या माणसाला काहीच नाही. त्याचं देऊन केव्हाच झालेलं होतं. आणि इथलं जे द्यायचं होतं ते सगळं आवडाबाईनं एकटीनं दिलं, सासूच्या सासूपासूनची जागा, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकासकट. तिच्याकडं ते कोणी मागितलं नव्हतं, आणि तिनं दिलं हे कुठल्या पेपरात आलं नाही.